ठिसूळ नायलॉन चिवट कसं करावं

मोल्डिंगच्या कारखान्यात नायलॉनचे भाग साच्यातून निघाले की उकळत्या पाण्यात सोडायची पद्धत जुनी आहे. नायलॉन पाणी पितं, ते पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरतं आणि मघाशी कडकन मोडणारी क्लिप आता वाकते. उपाय खोटा नाही, पण उसना आहे. मे महिन्यात विदर्भातल्या कोरड्या हवेत तीच क्लिप, तोच केबल टाय हळूहळू पाणी सोडतो आणि जोराने ओढला की तुटतो.

कायमचा चिवटपणा हवा असेल तर नायलॉनमध्ये रबर मिसळावं लागतं. रबर म्हटलं की बरेच जण टक्केवारीवर अडकतात: दहा घालू की वीस? खरा प्रश्न वेगळा आहे. ते रबर किती बारीक वाटलं गेलं आणि नायलॉनला किती घट्ट धरून बसलं, यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीचे बेनेट एप्स्टाइन यांना चिवट नायलॉनचं पेटंट १९७९ साली मिळालं, त्याचंही मर्म हेच. पुढची कृती नायलॉन ६ साठी आहे. नायलॉन ६ वापरणाऱ्या छोट्या कंपाउंडिंग युनिटला ती तशीच्या तशी करून पाहता येईल.

आधी कारण समजून घ्या

वस्तूवर घाव बसला की खाचेच्या किंवा कोपऱ्याच्या टोकाशी ताण एकवटतो. नुसत्या कोरड्या नायलॉनला तिथे ताणून पसरायला वाव मिळत नाही, म्हणून ते फाटतं आणि भेग एका क्षणात आरपार जाते. त्यात रबराचे बारीक थेंब असतील तर आधी ते थेंब आतून पोकळ होतात. त्यामुळे भोवतालचा ताण मोकळा होतो आणि दोन थेंबांमधली नायलॉनची पातळ भिंत न फाटता ओढली जाते. अशा लाखो भिंती ओढल्या जाताना घावाची ऊर्जा खर्ची पडते. चिवट तुकडा मोडताना पांढरा पडतो, तो या आतल्या पोकळ्यांमुळे.

मात्र भिंत पातळ हवी. ड्युपाँटचेच सूहेंग वू यांनी नायलॉन ६६ वर केलेलं काम १९८५ साली प्रसिद्ध केलं. दोन शेजारच्या थेंबांमधलं अंतर साधारण ०.३ मायक्रॉनच्या खाली गेलं की ठिसूळ माल एकदम चिवट होतो, असं त्यात दिसलं. हा बदल हळूहळू होत नाही, उडी मारल्यासारखा होतो.

थेंबाचा आकार, रबराचं प्रमाण आणि हे अंतर यांना जोडणाऱ्या वूंच्या सूत्रात घनता धरून आकडे घातले की गणित हातात येतं. वजनाने २० टक्के रबर असेल तर थेंब साधारण १ मायक्रॉनपर्यंत मोठा चालतो. १० टक्के असेल तर तो अर्ध्या मायक्रॉनच्या आत हवा. ५ टक्क्यांवर काम भागवायचं तर ०.३ मायक्रॉन. म्हणजे थेंब जितका बारीक, तितकं रबर कमी लागतं. उलट थेंब पाच मायक्रॉनचे राहिले तर २० टक्के रबर घालूनही माल ठिसूळच राहतो. फार बारीक करूनही फायदा नाही: ०.१ मायक्रॉनच्या खालचे थेंब पोकळ होत नाहीत, त्यामुळे त्यांचा उपयोग होत नाही.

टायरचा चुरा घालून नायलॉन चिवट का होत नाही, याचं उत्तर इथेच आहे. चुऱ्याचा कण शेकडो मायक्रॉनचा असतो आणि व्हल्कनाइझ झालेला असल्यामुळे स्क्रूमध्ये वितळून फुटत नाही. असा कण भेग थांबवत नाही, उलट तिथूनच भेग सुरू होते.

साहित्य (२५ किलोच्या बॅचसाठी)

- नायलॉन ६, मोल्डिंग ग्रेड, सल्फ्युरिक ॲसिडमधली रिलेटिव्ह व्हिस्कॉसिटी २.७ च्या आसपास: २० किलो
- मलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिओलेफिन इलॅस्टोमर: ५ किलो. बाजारात याला ‘ग्राफ्टेड पीओई’ म्हणतात. ग्राफ्टेड ईपीडीएमही चालतं.
- नायलॉनसाठीचं फिनॉलिक अँटिऑक्सिडंट: ७५ ग्रॅम
- फॉस्फाइट अँटिऑक्सिडंट: ५० ग्रॅम
- पावडर दाण्यांना चिकटावी म्हणून लिक्विड पॅरॅफिन: जेमतेम २५ मिलिलिटर
- तुलनेसाठी साधं, न ग्राफ्ट केलेलं पीओई: ५ किलो
- सफाईसाठी एचडीपीई: १० किलो

यंत्रं

एकाच दिशेने फिरणारा ट्विन स्क्रू एक्स्ट्रुडर (लांबी व्यासाच्या ४० पट असेल तर उत्तम), व्हॅक्यूम व्हेंट, स्ट्रँड डाय, पाण्याचा टब, एअर नाइफ, पेलेटायझर, डीह्युमिडिफायर ड्रायर, इंजेक्शन मशीन आणि आयझॉड टेस्टर. टेस्टर नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या संस्थेत चाचणी करून मिळते. ट्विन स्क्रू मात्र टाळता येत नाही. सिंगल स्क्रूमध्ये दाणे वितळतात, पण थेंब हवे तितके फुटत नाहीत.

कृती

१. रबर पारखून घ्या. सप्लायरकडून तीन आकडे लेखी मागा: मलेइक अनहायड्राइडचं प्रमाण, मेल्ट फ्लो इंडेक्स आणि घनता. अनहायड्राइड ०.५ ते १ टक्क्याच्या दरम्यान हवं. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन गट असतो. वितळलेल्या अवस्थेत अनहायड्राइड त्याला कायमचं जोडलं जातं. रबर आणि नायलॉन यांच्या सीमेवर तयार झालेला हा सांधा दोन कामं करतो: थेंब फुटले की त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, आणि घाव बसला की त्यांना नायलॉनपासून सुटू देत नाही. साध्या पीओईत हा सांधाच नसतो.

२. नायलॉन सुकवा, रबर सुकवू नका. नायलॉन ८० अंश सेल्सिअसवर डीह्युमिडिफायर ड्रायरमध्ये ४ ते ६ तास ठेवा. ओलावा ०.१ टक्क्याच्या आत आला पाहिजे. साध्या गरम हवेच्या ड्रायरमध्ये पावसाळ्यात एवढं कोरडं होत नाही, आणि तापमान वाढवलं तर दाणा पिवळा पडतो. ओलं नायलॉन बॅरलमध्ये गेलं की पाणी साखळ्या तोडतं आणि डायमधून वाफेसह मेल्टचे शिंतोडे उडतात.

रबराचे दाणे नायलॉनबरोबर ड्रायरमध्ये टाकू नका. पीओई ५० ते ७० अंशांच्या दरम्यानच मऊ होऊन वितळायला लागतं, आणि ८० अंशांवर हॉपरमध्ये त्याचा लाडू वळतो. ते मूळ बंद पिशवीत कोरड्या जागी ठेवा आणि लागेल तेवढंच उघडा. उघड्या पिशवीतल्या अनहायड्राइडला हवेतला ओलावा लागला की त्याचं ॲसिड होतं आणि अमाइनशी जुळण्याची त्याची तत्परता कमी होते.

३. ट्रायल आखून घ्या. थेट २० टक्क्यांची बॅच काढू नका. सहा लॉट ठरवा: ०, ५, १०, १५ आणि २० टक्के ग्राफ्टेड रबर, आणि सहावा २० टक्के साध्या पीओईचा. शून्याचा लॉटही एक्स्ट्रुडरमधून काढायचाच, म्हणजे सगळ्या मालाने सारखीच उष्णता सोसलेली असेल. सहावा लॉट खर्चिक वाटतो, पण सांध्याचं महत्त्व तोच सिद्ध करतो. प्रत्येक लॉट ५ ते १० किलोचा पुरे.

४. मिसळा. कोरडं, थंड झालेलं नायलॉन टम्बलरमध्ये घ्या. पॅरॅफिन घालून दोन मिनिटं फिरवा. मग दोन्ही अँटिऑक्सिडंट घालून पाच मिनिटं, आणि शेवटी रबराचे दाणे घालून आणखी पाच मिनिटं फिरवा. मिश्रण लगेच वापरा. उघडं राहिलेलं नायलॉन हवेतलं पाणी पुन्हा ओढतं. रबराची घनता ०.८७ आणि नायलॉनची १.१३ च्या आसपास असते, त्यामुळे हॉपर हलत राहिला की दाणे वेगळे होतात. दोन फीडर असतील तर नायलॉन एकातून आणि रबर दुसऱ्यातून तोलून द्यावं. ते सगळ्यात खात्रीचं.

५. एक्स्ट्रुडर तापवा आणि लावा. आधीच्या मालानंतर बॅरल एचडीपीईने साफ करा, मग शुद्ध नायलॉन इतका वेळ चालवा की एचडीपीईचा मागमूस राहणार नाही. ते आत राहिलं तर नंतर मालावर पापुद्रे सुटतात आणि दोष तुमच्या रबरावर येतो. फीड झोनचं पाणी चालू ठेवा. पहिला झोन २१० अंश, पुढचे २३० ते २४०, डाय २४०. नायलॉन ६ वितळतं २२० च्या आसपास, त्यामुळे यापेक्षा फार वर जाण्याची गरज नाही. मेल्टचं खरं तापमान २७० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका.

स्क्रूचा वेग ३०० आरपीएमपासून सुरू करा. मेल्टिंगनंतर नीडिंग ब्लॉकचे किमान दोन गट असावेत: पहिल्यात दाणे वितळून थेंब फुटतात, दुसऱ्यात ते आणखी बारीक होतात. वेग फार वाढवला तर घर्षणाने मेल्ट तापतं, रबर जळायला लागतं आणि नायलॉनच्या साखळ्या तुटतात. फीड इतकं द्या की टॉर्क ६० ते ८० टक्क्यांवर राहील. व्हॅक्यूम चालू ठेवा. व्हेंटमधून सुटं अनहायड्राइड आणि कॅप्रोलॅक्टम वाफेच्या रूपाने बाहेर पडतं आणि डोळे-घसा झोंबतो, म्हणून वर एक्झॉस्ट हवाच. चष्मा आणि हातमोजे घाला. डायच्या समोर कुणी उभं राहू नये.

६. टॉर्क वाचा, स्ट्रँड बघा. साध्या पीओईचा लॉट आधी चालवा आणि टॉर्क लिहून ठेवा. मग त्याच फीडवर, त्याच वेगावर २० टक्के ग्राफ्टेड लॉट आणा. टॉर्क स्पष्ट वर चढला पाहिजे. नायलॉन आणि रबर जोडले जात असल्यामुळे मेल्ट घट्ट होतं आणि यंत्रच तसं दाखवतं. टॉर्क चढला नाही तर रबरातलं अनहायड्राइड मेलेलं आहे किंवा पिशवीवरचं लेबल चुकीचं आहे.

स्ट्रँडमधला फरक जवळून बघण्यासारखा आहे. साध्या पीओईचा स्ट्रँड थंड झाल्यावर तोडून नखाने खरवडला की तुटलेल्या टोकाशी बारीक तंतू आणि पापुद्रे सुटतात, कारण आतले दोन पदार्थ वेगवेगळेच राहिलेले असतात. ग्राफ्टेड लॉटचा स्ट्रँड एकसंध, किंचित मॅट आणि जाड असतो. तो दुमडला तर दुमडलेल्या जागी दुधाळ पट्टा उमटतो, पण तुकडा पडत नाही. कारखान्यात उभ्या उभ्या करता येणारी ही पहिली चाचणी.

७. दाणा काढून बंद करा. स्ट्रँड पाण्यात कमीत कमी बुडवा. तो बाहेर आल्यावर आतून थोडा गरम राहिला पाहिजे, म्हणजे वर चिकटलेलं पाणी आपोआप उडतं. एअर नाइफ नीट लावा. दाणे पुन्हा ८० अंशांवर सुकवा. रबर आता नायलॉनच्या आत बंद असल्यामुळे लाडू होत नाही. ॲल्युमिनियमचं अस्तर असलेल्या पिशवीत सील करा. पिशवीवर लॉट नंबर, टक्केवारी, टॉर्क आणि मेल्ट तापमान लिहा.

८. टेस्ट बार मोल्ड करा. मेल्ट २४० ते २६० अंश, साचा ६० ते ८० अंश. माल घट्ट झाल्यामुळे इंजेक्शन प्रेशर नेहमीपेक्षा जास्त लागेल. साचा थंड ठेवून सायकल वाचवू नका. वरचा थर नीट स्फटिक होत नाही आणि आकडे फसवे येतात. बार ८० × १० × ४ मिलिमीटरचे (आयएसओ) किंवा ६३.५ × १२.७ × ३.२ मिलिमीटरचे (एएसटीएम) काढा. गेटजवळचा आणि लांबचा भाग सारखा वागत नाही, म्हणून खाच प्रत्येक बारवर त्याच जागी पाडा.

९. खाच कापा. खाच साच्यात पाडू नका, नॉचिंग मशीनवर कापा. कोन ४५ अंश, टोकाची त्रिज्या ०.२५ मिलिमीटर. पातं बोथट झालं की त्रिज्या वाढते आणि ठिसूळ मालही चांगला दिसतो. पातं ठरावीक बारांनंतर भिंगाखाली तपासत राहा. खाच पाडल्यावर बार सीलबंद पिशवीत २३ अंशांवर दोन दिवस ठेवा. उघडे ठेवले तर ते हवेतलं पाणी पितील, आणि मग चाचणी रबराची न होता पावसाळ्याची होईल.

१०. घाव घाला. प्रत्येक लॉटचे दहा बार तोडा. हातोड्याची निवड इथे फार महत्त्वाची. ठिसूळ नायलॉनसाठी १ जूलचा हातोडा पुरतो. पण ३.२ मिलिमीटर जाडीच्या बारवर ९०० जूल प्रति मीटर म्हणजे साधारण २.९ जूल, आणि तेवढी ऊर्जा त्या हातोड्यात नसतेच. चिवट लॉट ५.५ जूलच्या हातोड्याखाली घ्या. हातोड्याच्या क्षमतेच्या १० ते ८० टक्क्यांमधलंच वाचन धरा.

प्रत्येक बारपुढे आकड्याइतकंच महत्त्वाचं दुसरं एक लिहा: तो कसा तुटला. पूर्ण दोन तुकडे झाले, बिजागरीसारखा लोंबकळत राहिला, अर्धाच फाटला, की मुळीच तुटला नाही? दहापैकी पाच पूर्ण तुटले आणि पाच लोंबकळले तर त्यांची सरासरी काढू नका. तो लॉट ठिसूळ आणि चिवट यांच्या बरोबर उंबरठ्यावर आहे, आणि असा माल ग्राहकाला देऊ नये.

११. थंडीत पुन्हा तपासा. याच लॉटचे दुसरे बार शून्य आणि उणे ३० अंशांवर तोडा. पीओई उणे ५० अंशांच्या आसपास काचेसारखं कडक होतं, त्यामुळे थंडीत बराच चिवटपणा टिकतो, पण उंबरठ्यावरचे लॉट इथे उघडे पडतात. २३ अंशांवर १५ टक्क्यांचा लॉट २० टक्क्यांसारखाच दिसू शकतो. शून्याखाली दोघांचा फरक कळतो.

आकडे काय सांगतात

कोरड्या नायलॉन ६ चा खाचेचा आयझॉड ५० ते ६० जूल प्रति मीटर असतो. साध्या पीओईचा लॉट त्याच्या फार पुढे जात नाही. ग्राफ्टेड लॉट ५ टक्क्यांवर थोडा वर सरकतो आणि १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी उडी मारतो. चांगल्या २० टक्क्यांच्या लॉटने ८०० च्या पुढे जावं. सहावा आणि पाचवा लॉट शेजारी ठेवून पाहा: रबर सारखंच, वजन सारखंच, फरक फक्त एका टक्क्याहून कमी अनहायड्राइडचा.

याची किंमत कडकपणात मोजावी लागते. कोरड्या नायलॉन ६ चा फ्लेक्सरल मॉड्युलस साधारण २७०० मेगापास्कल असतो. २० टक्के रबरानंतर तो १७०० ते १९०० वर येतो. ताणशक्ती ७५ ते ८० वरून ४५ ते ५० मेगापास्कलवर उतरते. गिअरचा दात किंवा भार पेलणारा ब्रॅकेट असेल तर हे परवडत नाही. ड्रिल मशीनचं आवरण, क्लिप, केबल टाय यांना परवडतं. म्हणून गरजेपेक्षा जास्त रबर घालू नये: उडी ज्या टक्क्यावर सुरू होते, त्याच्या एक पायरी वरचा लॉट निवडावा. उडी १० आणि १५ च्या मध्ये दिसली तर २० कडे जाण्याची गरज नाही. थंडीतलं काम असेल तेवढाच अपवाद.

काही बिघडलं तर

- आयझॉड कमी, स्ट्रँडवर पापुद्रे: सांधा झालेला नाही. रबराची पिशवी उघडी राहिली होती का, एचडीपीई पूर्ण निघालं होतं का, हे आधी तपासा.
- आयझॉड कमी, पण स्ट्रँड एकसंध: थेंब मोठे राहिले असावेत. नीडिंग वाढवा किंवा फीड थोडं कमी करा. खात्री करायची तर बार लिक्विड नायट्रोजनमध्ये थंड करून मोडा, तुटलेलं तोंड गरम झायलीनमध्ये धुवा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहा. रबर विरघळून जातं आणि त्याच्या जागी राहिलेली भोकं मोजता येतात.
- दाणा पिवळा: ड्रायर तापला किंवा मेल्ट २७० च्या पुढे गेलं.
- चंदेरी रेघा, डायमधून फसफस: नायलॉन ओलं आहे. पुन्हा सुकवा.
- बार चिवट, पण वस्तू तुटते: वेल्ड लाइन, धारदार कोपरा किंवा गेटची जागा बघा. कोपऱ्याला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई दिली तरी बराच फरक पडतो.
- उन्हात ठेवायची वस्तू: रबर आणि नायलॉन दोन्ही उन्हाने खराब होतात. कार्बन ब्लॅक घाला, पण मास्टरबॅचचा कॅरिअर नायलॉन असलेलाच निवडा.

रनर दळून परत वापरता येतो, पण सुकवून आणि मोजून. दर वेळी तापल्याने साखळ्या लहान होतात आणि तो उंबरठा हळूहळू जवळ येतो.

आकडा सांगताना

ग्राहकाला नुसतं ‘आयझॉड ८५०’ सांगू नका. तो जूल प्रति मीटर की किलोजूल प्रति चौरस मीटर, बार किती जाडीचा, कोरडा की हवा लागलेला, किती अंशांवर, आणि तुकडा कसा तुटला, हे पाचही लिहा. ८०० जूल प्रति मीटर आणि ७९ किलोजूल प्रति चौरस मीटर ही जवळजवळ एकच गोष्ट आहे, पण दोन कागदांवर वाचणाऱ्याला एक दुसऱ्याच्या दहापट वाटते. पाण्यात उकळलेल्या बारचा आकडा देऊन विकलेला माल कोरड्या हवेत तुटतो आणि नाव रबराचं खराब होतं. सीलबंद कोरड्या बारवर आलेला आकडा लहान असला तरी तोच द्यावा, कारण उन्हाळ्यात वस्तू त्याच अवस्थेत वापरली जाणार आहे.